मुलं झोपली की…

*ताई, पत्नी पहाटे साडेपाचला कामावर निघते. ती निघाली की मीही उठतो, मुलांची सकाळ माझ्याकडे असते. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. मुलं झोपली की मी तयारीला लागतो. कपडे, दप्तरं, बाटल्या, डबे सगळं जागच्या जागी ठेवूनच साडेबाराला झोपतो. तरी सव्वासातला रणधुमाळी ठरलेली. "बाबा, पट्टा कुठंय?" "बाबा, वही कुठंय?" मी ओरडतो, मुलगी रडते, आणि दाराबाहेर पडताना मला माझीच लाज वाटते. अजून कसली तयारी करायची राहिलीय? – थकलेला बाबा*

थकलेले बाबा,

राहिलेलं काहीच नाही. उलट फार होतंय. तुमच्या पत्रात तीन शब्द सहज येऊन गेलेत, 'मुलं झोपली की', आणि घोडं पेंड खातंय ते तिथंच.

पट्टा तुम्ही ठेवला, तुम्हाला सुचेल त्या जागी ठेवला, आणि तेव्हा पट्ट्याचा मालक घोरत होता. त्याला कसं कळावं? झोपेतून उठल्यावर पहिला अर्धा तास मोठ्या माणसाचाही मेंदू धड जागा नसतो. त्या अवस्थेत मुलाने, स्वतः न ठेवलेली वस्तू शोधावी, ही तुमची अपेक्षा. तो शोधत नाही, विचारतो. कारण उत्तर समोर उभं आहे. आणि खरं सांगू? सगळं आपल्यालाच ठाऊक असतं याचं तुम्हाला थोडं कौतुकही वाटतंय. पत्रातून दिसतं ते.

तेव्हा आजपासून मुलं झोपल्यावर त्यांच्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. त्यांची तयारी ती जागी असताना, त्यांच्याच हातांनी, आणि जेवणाच्या आधी. जेवणानंतर डोळे पेंगायला लागतात, मग तयारी कमी आणि भांडण जास्त. वीस मिनिटं पुरतात. पहिला आठवडा चाळीस लागतील.

दप्तर आधी पूर्ण रिकामं करायचं, जमिनीवर. चुरगळलेले कागद, टोक मोडलेल्या पेन्सिली, आठवडाभराचा चुरा, सगळं बाहेर. मग मुलाने वेळापत्रक मोठ्याने वाचायचं आणि एकेक वही आत टाकायची. तुम्ही हात पाठीमागे बांधून बसा. अक्षरशः बांधा, नाहीतर ते पुढे येतातच. "उद्या काही न्यायचंय का?" हा प्रश्न फुकट आहे, उत्तर 'नाही' असंच येतं. "उद्या चित्रकला आहे, काय काय लागेल?" असं विषय धरून विचारा. रंग संपलेत हे संध्याकाळी सातला कळलं तर हालचाल करता येते, रात्री अकराला नुसता संताप येतो.

कपडे घालायच्या क्रमाने: आधी घालायचे ते सगळ्यात वर. पट्टा रात्रीच पँटच्या पट्टीतून ओवून ठेवायचा, म्हणजे त्याचा प्रश्नच मिटला. मोज्यांची जोडी बुटांत, बूट दाराशी. बटणं आणि चेन मुलानेच लावून बघायची, तुटकी असेल तर सापडते. बूट ओले असतील तर आतला तळवा काढून चुरगळलेला कागद कोंबा, तासाभराने तो बदला. विस्तवाजवळ किंवा हीटरवर ठेवू नका, डिंक सुटतो.

बाटली रात्री भरू नका. धुऊन, झाकण उघडं टाकून उपडी ठेवायची, पाणी सकाळी. झाकणातली रबरी रिंग काढून धुतली तरच वास जातो, आणि ती नीट बसली नाही तर वह्या भिजतात. मुलीला रिंग बसवायला शिकवा. सात वर्षांच्या बोटांना ते जमतं.

डबा मात्र तुमचाच. भाज्या चिरून, कोरड्या पुसून, घट्ट झाकणात ठेवा. मीठ सकाळी, रात्री घातलं तर पाणी सुटतं. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. पसरट भांड्यात लवकर निवतं. वाफ असतानाच झाकण लावलं तर आत पाणी साचतं. डबा फ्रिजमध्येच विसरत असाल तर दाराची किल्ली त्याच्यावर ठेवा.

आता अवघड भाग. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी वही राहील. तुम्हाला ती रात्रीच दिसेल आणि हात शिवशिवतील. चष्मा आणि औषध, एवढ्या दोन गोष्टी तेवढ्या तुम्ही बघा. वही राहू द्या. ती घेऊन मागून शाळेत धावू नका. एकदा बाईंसमोर उभं राहिल्यावर तो वेळापत्रक आपणहून वाचेल. सकाळी "बाबा, कुठंय?" आलं की हळू आवाजात "तू कुठं ठेवलास?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे.

आणि तुमचं ओरडणं. साडेबारा ते साडेपाच, म्हणजे पाच तास झोप. मोठ्या माणसाला किमान सात लागतात. पाच तासांच्या झोपेवर संतही ओरडतील, दारातली ती लाज आता सोडा. मुलं झोपल्यावर तुमच्यासाठी एकच काम ठेवलंय: पाच मिनिटं बसून उद्याची तुमची स्वतःची कामं कागदावर लिहायची. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात, उद्याची कामं लिहून झोपणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली होती.

आज दिवा मालवायला त्यांच्या खोलीत जाल तेव्हा दप्तराची चेन अर्धी उघडी दिसेल. लावू नका.

– ताई