जुन्या छोट्या गाडीला ट्रेलर ओढायची हिच बसवताय? आधी गाडीखाली वाकून बघा

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्याकडे १८ वर्षं जुनी छोटी हॅचबॅक आहे, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, वजन साधारण ९०० किलो. इंजिन अजून एकदम ठणठणीत आहे. बागेतला कचरा, लाकडं, कधी जुनं फर्निचर न्यायला एक छोटा दोन चाकांचा ट्रेलर घेतलाय, रिकामा ११० किलोचा, त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत. गाडीच्या पुस्तकात बिनब्रेकचा ट्रेलर ४०० किलोपर्यंत आणि बॉलवरचं (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावरचं) वजन ५० किलोपर्यंत असं दिलंय. माझ्याच मॉडेलची एक वापरलेली हिच (गाडीमागे ट्रेलर अडकवायची लोखंडी जोडणी) मिळतेय, तिच्या प्लेटवर डी ५.५ केएन आणि एस ५० किलो असं कोरलंय. ओळखीतला वेल्डिंगवाला म्हणतो ती कशाला घेता, मी जाड अँगलची याच्या दुप्पट मजबूत बनवून थेट गाडीला वेल्ड करून देतो. कुठली घेऊ? घरी बसवता येईल का? आणि लाईटचं कनेक्शन कसं करायचं?

उत्तर: पुस्तक उघडून आकडे बघितलेत हे फार बरं केलंत, नाहीतर बहुतेक जण हिच बसवून झाल्यावर विचारतात की आता किती ओढू. ज्या गाडीच्या पुस्तकात ट्रेलर ओढू नका असं लिहिलंय तिथे माझं उत्तर एका ओळीत संपतं, नका ओढू. तुमच्या गाडीला परवानगी आहे, म्हणून पुढे बोलू.

आधी वेल्डिंगवाल्याचं, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटली. तो म्हणतोय त्याप्रमाणे त्याची हिच दुप्पट मजबूत असेलही, पण प्रश्न हिचच्या लोखंडाचा नाहीच आहे, ती ज्या पत्र्याला धरून राहणार आहे त्या पत्र्याचा आहे. छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, पत्रा दुमडून वेल्ड करून सगळी बॉडी एकच बनवलेली असते, आणि डिकीखाली दोन्ही बाजूंनी पत्र्याचेच पोकळ चौकोनी मेंबर गेलेले असतात. तो पत्रा फार तर दीड-दोन मिलिमीटरचा. त्याला ६-८ मिलिमीटरचा अँगल वेल्ड केला की वेल्डच्या कडेचा पत्रा तापून कमजोर होतो आणि प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक ब्रेकला ताण नेमका त्याच कडेवर येतो, मग तिथून बारीक चीर सुरू होते जी वरून दिसत पण नाही. शिवाय बहुधा मागच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी आणि तिचे पाईप, त्यांच्या जवळ वेल्डिंग म्हणजे नकोच. कंपनीच्या हिचमध्ये ताण चार-सहा बोल्टमधून लांबवर पसरवलेला असतो आणि तिची टेस्टिंग झालेली असते. वापरलेली का असेना, तुमच्या मॉडेलचीच घ्या, पण बॉडीचा प्रकार आणि वर्षसुद्धा जुळतंय का ते बघा, नाव तेच ठेवून कंपन्या मागची बॉडी बदलतात. आणून सगळा रंग-गंज वायर ब्रशने घासा आणि जोडांना चिरा आहेत का ते उजेडात बघा. वाकलेली, ठोकून सरळ केलेली दिसली तर परत द्या.

प्लेटवरच्या आकड्यांचा अर्थ असा. एस म्हणजे बॉलवर उभं किती वजन चालेल. डी म्हणजे ओढताना आणि थांबवताना किती जोर सहन होईल, त्याचं गणित म्हणजे गाडीचं भरलेलं वजन गुणिले ट्रेलरचं भरलेलं वजन, भागिले दोघांची बेरीज, सगळं टनात, आणि आलेल्या आकड्याला ९.८१ ने गुणायचं. तुमची गाडी माणसं-सामानासकट १.३५ टन धरली आणि ट्रेलर ०.४ टन, तर उत्तर येतं साधारण ३ केएन, म्हणजे किलोन्यूटन. हिच ५.५ ची आहे, म्हणजे तिला हे सहज झेपतं. पण म्हणून ४०० च्या वर जायचं नाही हां! गाडी, हिच, बॉल, ट्रेलरचा कपलर (त्याच्या दांड्याच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग), ट्रेलरचे टायर, या सगळ्यांत ज्याचा आकडा सगळ्यात छोटा तोच तुमचा आकडा, आणि इथे गाडीचा ४०० सगळ्यात छोटा दिसतोय. त्यातून ट्रेलरचे ११० गेले, म्हणजे माल २९० किलो, बस. ओली लाकडं किती पटकन २९० च्या पुढे जातात ते एकदा वजनकाट्यावर बघाच.

आता गाडीखाली. १८ वर्षांच्या गाडीत सगळा निकाल इथेच लागतो. गाडी सपाट जागेवर जॅकने उचला आणि लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली अजिबात शिरू नका. स्टेपनी काढा, डिकीतलं कार्पेट उचला. मेंबरवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत जा, चांगला पत्रा टणक वाजतो आणि सडलेला भदभद वाजतो. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून जोरात दाबा. आत गेला तर हिच विसरा, आधी पत्र्याचं काम करा, कारण तो पत्रा मागून धडक बसली तर तुमचं रक्षण करणारा पत्रा आहे. एका गाडीत मी स्वतः बघितलंय, बाहेरून काळं अंडरकोटिंग अगदी नव्यासारखं आणि दाबल्यावर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत. मालकाने दुसऱ्या दिवशी ट्रेलर आणायचं ठरवलं होतं.

पत्रा चांगला निघाला तर घरी बसवता येतं, दोन माणसं आणि एक अख्खा दिवस पाहिजे. बऱ्याच गाड्यांच्या मेंबरमध्ये कंपनीनेच हिचसाठी भोकं आणि आत वेल्ड केलेले नट दिलेले असतात, रबरी बुचाखाली किंवा टेपखाली लपलेले. तिथे गंज असणारच, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सकाळी त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा, बोल्ट जबरदस्तीने घुसवला आणि आतला नट तुटून गरगर फिरायला लागला की अर्धा दिवस गेलाच समजा. नट नसतील आणि ड्रिल मारायचं असेल तर आधी पलीकडे काय आहे ते बघा, पेट्रोलची नळी, ब्रेकचा पाईप, वायरिंग. पोकळ मेंबरमधून आरपार बोल्ट जाणार असेल तर आत स्पेसर पाईप पाहिजेच पाहिजे, नाहीतर बोल्ट आवळत गेलात की मेंबर चपटा होत जातो आणि तुम्हाला वाटतं बोल्ट अजून ढिलाच आहे. जिथे ब्रॅकेट बसणार तिथलं अंडरकोटिंग खरवडून काढा आणि उघड्या पत्र्याला गंजरोधक प्राइमर मारा. हे लोक टाळतात, पण तो मऊ थर मध्ये राहिला तर काही दिवसांत दबतो आणि सगळे बोल्ट आपोआप ढिले पडतात. ड्रिलच्या भोकांच्या कडांनाही प्राइमर, पाणी तिथूनच आत जातं.

बंपर काढताना क्लिपा तुटतील हे धरून चाला, जुनं प्लास्टिक गार असताना काचेसारखं तुटतं, ऊन खाल्ल्यावर जरा मऊ येतं. सायलेन्सरचे रबर साबणाच्या पाण्याने निसटतात, पण तो खाली सोडताना आधार द्या. हिच १०-१५ किलोची असते, एकाने धरायची, दुसऱ्याने सगळे बोल्ट आधी हातानेच लावून घ्यायचे, मध्यभागी आलीये ना ते बघायचं आणि मगच टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळायचं, हिचसोबतच्या कागदावर असतो त्या आकड्यालाच. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे (हा मजबुतीचा आकडा), जे सांगितलं असेल तेच नवीन आणा, जुन्या हिचसोबत आलेले जुने लॉक नट परत वापरू नका. पहिल्या फेरीनंतर आणि मग १००० किलोमीटरला सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

लाईटचं काम तुमच्या गाडीत त्या मानाने सोपं आहे कारण जुन्या छोट्या गाडीत बहुधा साधे बल्ब आणि साध्या वायरी असतात, नवीन गाड्यांसारखा कॉम्प्युटर मध्ये बसलेला नसतो. पण म्हणून ट्रेलरच्या वायरी थेट गाडीच्या वायरींना जोडून मोकळं होऊ नका. ब्रेक लाईटचा बल्ब २१ वॅटचा, १२ व्होल्टवर एक बल्ब १.७५ अँपिअर घेतो, गाडीचे दोन म्हणजे ३.५ आणि ट्रेलरचे दोन जोडले की ७. अठरा वर्षांचा स्विच, जुने काळे पडलेले कनेक्टर, त्यांच्यावर एकदम दुप्पट करंट टाकायचा का? त्यापेक्षा बॅटरीवरून फ्यूज लावून वेगळी वायर आणा आणि रिलेवाला बायपास मॉड्यूल बसवा, म्हणजे गाडीच्या वायरी फक्त इशारा देतात आणि ट्रेलरचा लोड बॅटरीवरून जातो. ट्रेलरला एलईडी लाईट लावल्या तर लोड अजून कमी. आणि मॉड्यूल घेण्याआधी ट्रेलरचे लाईट बघा, काही ट्रेलरला इंडिकेटर वेगळे पिवळे असतात आणि काहींना ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बमध्ये असतात, गाडीत एक पद्धत आणि ट्रेलरला दुसरी असेल तर तसा कन्व्हर्टर लागतो. वायर चिमटीत धरणारे ते झटपट कनेक्टर बाहेर ओलाव्यात वर्षभरात हिरवे पडतात, क्रिंप करून (जोड दाबून) वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. अर्थची वायर जाड घ्या आणि घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर धरा. ब्रेक दाबल्यावर ट्रेलरचे इंडिकेटर पण मंद पेटायला लागले तर दहापैकी नऊ वेळा अर्थ खराब असतो, उगाच मॉड्यूल बदलत बसू नका.

आता माल भरणं, आणि इथे मला जरा जास्त बोलू द्या कारण अपघात बहुतेक इथेच होतात. बॉलवर फार कमी वजन आलं तर ट्रेलर डोलायला लागतो, फार जास्त आलं तर गाडीचं नाक उचललं जातं. गणित करून दाखवतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून ०.८ मीटर मागे असेल, तर बॉलवरचे ५० किलो मागच्या ॲक्सलवर ५० नाही, जवळजवळ ६७ किलो टाकतात आणि पुढच्या ॲक्सलवरून १७ किलो उचलतात. छोट्या गाड्यांना बहुधा पुढच्याच चाकांना ड्राइव्ह असते, स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच, आणि नेमकी तीच हलकी होतात. हे बॉलवरचं वजन गाडीच्या भारात पण मोजायचं, म्हणजे पाच माणसं, भरलेली डिकी आणि वर ट्रेलर असं एकत्र नको. तुमच्या ४०० किलोच्या ट्रेलरला बॉलवर ४० च्या आसपास ठेवा. बाथरूममधला वजनकाटा घ्या, बॉलच्या उंचीला येईल असा लाकडाचा तुकडा त्यावर उभा करा आणि ट्रेलर सपाट ठेवून कपलर त्यावर टेकवा, झालं मोजून. जड माल ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, खाली आणि बांधलेला. मागच्या फाळक्याकडे जड लाकडं कधीच नाही, मी एकदा घाईत तसं भरून निघालो होतो, उताराला ट्रेलरने गाडीची मागची बाजू अशी डावी-उजवी हलवायला सुरुवात केली की ते अजून अंगात आहे माझ्या. तसं झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायला तर मुळीच जाऊ नका.

तुमच्या ट्रेलरला ब्रेक नाहीत म्हणजे तुम्ही एकटे असताना साधारण १००० किलोची गाडी आणि ४०० चा ट्रेलर, असं ४० टक्के जास्त वजन गाडीच्याच ब्रेकनी थांबवायचंय. पॅड, ब्रेक ऑइल, मागचे शॉकअप आधी बघून घ्या, मागच्या टायरमध्ये फुल लोडची हवा भरा, उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा. सेफ्टी चेन कपलरच्या खालून एकमेकींवर क्रॉस करून लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता चेनच्या झोळीत पडतो. इन्शुरन्सवाल्यांना हिचचं कळवा आणि तुमच्याकडचा नियम काय आहे ते बसवायच्या आधीच विचारून घ्या.

प्रश्न: दादा, मला ट्रेलर ओढायचाच नाही, हिचवर फक्त दोन सायकलींचा रॅक लावायचा आहे. माझी पण गाडी जुनी आणि छोटी आहे, बॉलची मर्यादा ५० किलो. मग एवढी काळजी नको ना?

उत्तर: ताई, काळजी वेगळी आहे पण आहे. ओढण्याचा जोर नसला तरी रॅक १५ किलो आणि साध्या सायकली १५-१५ किलो, म्हणजे ४५ झाले, मर्यादेच्या अगदी जवळ. बॅटरीवाल्या सायकली असतील तर एकेक २५ ची, तेव्हा ६५ होतात, ते नाही चालणार, बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या तरी थोडेच किलो कमी होतात. शिवाय हे वजन बॉलच्याही मागे लटकतं आणि खड्ड्यात वर-खाली झुलतं, ट्रेलरसारखी स्वतःची चाकं त्याला नाहीत, म्हणून रॅकचं पुस्तक आणि हिचचं पुस्तक दोन्ही बघा, रॅक लावायला परवानगी आहे का ते. वर पत्र्याचं सांगितलंय ते तुम्हालाही लागू आहे. आणि नंबर प्लेट, मागचे लाईट झाकले जात असतील तर लाईट बोर्ड (रॅकच्या मागे लावायची लाईट आणि नंबर प्लेटची पट्टी) लावल्याशिवाय निघू नका.

प्रश्न: ट्रेलरच्या कपलरवर २ इंच लिहिलंय आणि माझा बॉल ५० मिमीचा आहे. बसतो तर आहे, चालेल का?

उत्तर: नाही. २ इंच म्हणजे ५०.८ मिमी, ०.८ चा फरक दिसायला काहीच नाही, पण बॉल झिजला आणि कपलरही झिजला की तो वाढत जातो आणि उसळीला कपलर निसटू शकतो. ज्या मापाचा कपलर त्याच मापाचा बॉल घ्या, आणि १ ७/८ इंचाचा बॉल, म्हणजे ४७.६ मिमी, तो तर २ इंची कपलरमध्ये कधीच नाही. माप बॉलच्या डोक्यावर कोरलेलं असतं, गंजात दिसत नसेल तर व्हर्निअरने मोजा. आणि जोडून लॉक केल्यावर प्रत्येक वेळी एक करा, ट्रेलरच्या पुढच्या छोट्या चाकाचं हँडल फिरवून दांडा वर उचला. गाडीची मागची बाजू सोबत वर आली तर कपलर बसलाय, नुसता दांडाच वर आला तर काढून परत जोडा.