चाळीतल्या प्रदर्शनाला चित्रं कुठली लावू?

प्रश्न: ताई, आमची चाळ गिरगावात, १५ ऑगस्टला पॅसेजमध्ये देशभक्तीपर चित्रांचं प्रदर्शन करायचंय. कमिटीतले काका म्हणतात नेटवरून तिरंगा न् रायफलवाले जवान डाऊनलोड करा. काहीतरी वेगळं सुचवा ना.

उत्तर: काकांना दुखवू नका, एक जवान लावा आणि पुढे चला. माझ्या मते मधोमध चित्रकार नंदलाल बोसांचं १९३० चं लिनोकट (म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र) हवं, काठी घेऊन दांडीला निघालेले गांधीजी, नुसतं काळं-पांढरं, त्यामुळे साध्या झेरॉक्सवरही मस्त उठतं, आणि याच बोसांनी शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या संविधानाची पानं सजवलीत हे खाली लिहा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. शेजारी चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांची १९०५ ची भारतमाता, भगव्या वस्त्रातली, हातात ना झेंडा ना शस्त्र, तर पोथी, धान्याच्या लोंब्या, कापड आणि जपमाळ! कॅलेंडरवाल्या सिंहासकटच्या भारतमातेहून मला हीच आवडते. पोरांची चित्रं मात्र सगळी घ्या, निवडत बसू नका, फक्त अशोकचक्राचे आरे २४ आहेत का तेवढं बघा, नाहीतर उद्घाटनालाच कोणीतरी मोजत बसेल. आणि ऑगस्टच्या पावसात पॅसेजच्या भिंतींना ओल असते, तेव्हा चिकटवण्यापेक्षा दोरीला क्लिपा लावून टांगा.