कृष्णाकाठी ऊस लावण्यापूर्वी
तुमचे रान काळ्या भारी मातीचे आहे, म्हणून उसाला पाटाने भरमसाठ पाणी देऊ नका. निचरा नसलेल्या अशा जमिनीत भूजल वर चढते, त्याची वाफ होते आणि विरघळलेले क्षार मागे उरतात. शिरोळ, मिरज, वाळवा तालुक्यांतील कितीतरी शिवार असेच नापीक झाले, याचे फार वाईट वाटते. सरीच्या माथ्यावर पांढरट पापुद्रा दिसला, तरी घाईने जिप्सम हे भूसुधारक खनिज टाकू नका. आधी मातीचा सामू (आम्ल-विम्लता), विद्युत वाहकता (त्यावरून क्षारांचे प्रमाण कळते) आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम) तपासून घ्या, कारण जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या, जमिनीसाठी असते, नुसत्या क्षारयुक्त जमिनीसाठी नव्हे, आणि निचऱ्यावाचून तेही वाया जाते. सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा शेजाऱ्यांना सोबत घेऊन ओढ्यापर्यंत न्यावा, अन्यथा तुमचे खारे पाणी त्यांच्याच रानात मुरेल. ठिबक मात्र लागणीआधीच बसवा.