मीटर बसवले, तरी पाणी जाते कुठे?

प्रश्न : आमचे गाव काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. लोकवस्ती सुमारे १,८०० असून एक लाख लिटरची उंच टाकी आहे. सकाळी टाकी भरून पाणी सोडले की ती पूर्ण रिकामी होते, तरीही माळावरच्या शेवटच्या घरांपर्यंत पाणी पोहोचत नाही. घरोघरी मीटर बसवण्याचा विषय ग्रामसभेत आला आहे आणि काही ग्रामस्थांचा त्यास विरोध आहे. मीटर बसवल्याने गळती सापडेल का? सुरुवात कोठून करावी?
— पाणीपुरवठा समितीच्या एक सदस्या, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : आपण पत्रात दिलेले दोन आकडे फार उपयोगाचे आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. त्या हिशेबाने १,८०० माणसांना ९९,००० लिटर लागतात, म्हणजे आपली एक टाकी गावाला पुरायला हवी. ती पुरत नसेल, तर एकतर खालच्या आळीत पाणी गरजेपेक्षा जास्त घेतले जात आहे किंवा ते वाटेत जमिनीत मुरत आहे. यांपैकी नेमके काय घडते आहे, हे मोजमापाशिवाय ठरवता येणार नाही आणि तोवर दोन आळ्यांमधला वादही मिटणार नाही.

घरचा मीटर फक्त स्वतःतून गेलेले पाणी मोजतो. रस्त्यातल्या मुख्य वाहिनीवर किंवा फेरूलपासून (मुख्य वाहिनीतून घरजोडणी घेण्याच्या जोडापासून) मीटरपर्यंतच्या तुकड्यावर गळती असेल, तर ती त्याला कळत नाही. गळती वजाबाकीतून समजते. टाकीतून किती पाणी सुटले आणि सर्व घरांच्या मीटरांवर मिळून किती नोंदले गेले, यांतला फरक म्हणजे हिशेबाबाहेरचे पाणी होय. त्यामुळे घरोघरच्या मीटरांआधी टाकीच्या निर्गम (पाणी बाहेर नेणाऱ्या) वाहिनीवर एक मोठा मीटर बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो बसवताना वाहिनीच्या व्यासाच्या दहापट सरळ तुकडा मीटरच्या आधी आणि पाचपट नंतर ठेवावा. १०० मिलिमीटरच्या वाहिनीसाठी हे अंतर अनुक्रमे एक मीटर आणि अर्धा मीटर होईल. व्हॉल्व्ह किंवा बेंड अगदी लागून असेल, तर पाणी घुसळत जाते आणि नोंद चुकते.

हा मीटर येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण टाकी स्वतःच एक माप आहे. समजा, टाकी गोल असून तिचा आतला व्यास साडेसहा मीटर आहे. अशा टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरले, म्हणजे सुमारे ३३० लिटर बाहेर पडले. आधी एका रात्री निर्गम व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून पातळी उतरते का ते पाहावे, म्हणजे टाकीची स्वतःची गळती किंवा न बसणारा व्हॉल्व्ह लक्षात येईल. त्यानंतर दवंडी देऊन किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कळवून एका रात्री सर्व घरांना आपापले कॉक बंद ठेवण्याची विनंती करावी, पाणी सोडून वाहिन्या भरू द्याव्यात आणि मग दर तासाला पातळी मोजावी. कोणीही पाणी घेत नसताना पातळी तासाला नऊ सेंटिमीटर उतरली, तर ताशी सुमारे ३,००० लिटर पाणी जमिनीत जात आहे. आता व्हॉल्व्हमनने एकेका भागाचा व्हॉल्व्ह क्रमाने बंद करत जावे. एखाद्या आळीचा व्हॉल्व्ह बंद करताच उतार नवावरून तीन सेंटिमीटरवर आला, तर ताशी २,००० लिटरांची गळती त्या आळीत आहे, हे खोदकाम न करता समजते. या कामाला दोन जागरूक रात्री, एक टेप आणि एक वही लागते. मात्र प्रत्येक व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो की नाही, हे आधी तपासून घ्यावे. बरेच व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे न फिरवल्याने अर्धवटच बसतात.

आळी कळल्यानंतर जागा शोधायची. उन्हाळ्यात एकाच ठिकाणी हिरवे राहिलेले गवत, पाणी सुटले की स्वच्छ वाहू लागणारे गटार आणि रस्त्याचा खचलेला तुकडा या खुणा गावातल्या जाणत्या माणसांना माहीत असतातच. रात्रीच्या शांततेत लोखंडी सळईचे एक टोक व्हॉल्व्हवर किंवा नळजोडणीवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला, तर दाबाखाली सुटणाऱ्या पाण्याचा सूं असा आवाज येतो. लोखंडी वाहिनीत तो लांबपर्यंत ऐकू येतो, पण पीव्हीसी वाहिनीत लवकर विरतो. त्यामुळे तेथे प्रत्येक जोडणीवर ऐकत जावे लागते. साचलेले पाणी नळाचे की झऱ्याचे अशी शंका असेल, तर जलसुरक्षकाकडील (गावाच्या पाण्याच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याकडील) ओटी, म्हणजे क्लोरीन तपासण्याच्या, द्रावणाचे थेंब टाकून पाहावे. पिवळा रंग आला, तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते आपल्या टाकीचेच पाणी आहे. रंग आला नाही म्हणून मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन संपून जातो.

काळ्या जमिनीबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. ही माती पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते. त्या ओढाताणीत वाहिनीचे सांधे निखळतात आणि फेरूलजवळची सॅडल (वाहिनीला आवळून फेरूल धरून ठेवणारा पट्टा) ढिली होते. चर खणल्यावर तीच काळी माती पुन्हा भरू नये. वाहिनीच्या खाली आणि सभोवती वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम घालावा. मीटर बसवण्यासाठी प्रत्येक घरापुढे खोदावे लागणारच आहे, तेव्हा त्याच वेळी गंजलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप काढून एमडीपीई (न गंजणारा प्लास्टिकचा) पाइप आणि नवी सॅडल बसवून घ्यावी. नळयोजनेतील बहुतेक गळत्या मुख्य वाहिनीपेक्षा घरजोडणीवरच असतात. जुन्या जोडणीवर नवा मीटर बसवणे म्हणजे गळती तशीच ठेवून तिच्यापुढे मोजणी सुरू करणे होय.

लहान गळतीकडे दुर्लक्ष करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. वीस मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाखाली तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून ताशी सुमारे ३०० लिटर पाणी जाते. दिवसाला दोनच तास पाणी सुटत असले, तरी ते ६०० लिटर होतात, म्हणजे पाच माणसांच्या दोन घरांचा दिवसाचा वाटा. शिवाय उरलेले बावीस तास वाहिनीत दाब नसतो आणि तेच छिद्र गटाराचे पाणी आत ओढते. कावीळ आणि जुलाब या वाटेने घरात येतात. माळावरच्या घरांना पाणी न मिळणे जितके अन्यायाचे आहे, तितकेच हे धोक्याचे आहे.

विरोध करणाऱ्यांना कराडजवळचे मलकापूर दाखवून आणावे. तेथे प्रत्येक जोडणीला मीटर बसवून चोवीस तास दाबाखाली पाणी देण्याची योजना राबवली गेली आणि वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी आकारणी ठेवली गेली. आपल्या गावाने पहिले काही महिने मीटरची नोंद घ्यावी, ती प्रत्येक घराला कळवावी आणि पाणीपट्टी मात्र जुनीच ठेवावी. स्वतःचा आकडा शेजारच्या आकड्याशी ताडून पाहिल्यावर लोक आपण होऊन तोट्या बदलतात.

प्रश्न : नळाला पाणी येण्याआधी बराच वेळ नुसती हवा येते आणि त्या हवेने मीटर फिरतो. आम्ही हवेचे पैसे का भरावेत?
— एक गृहिणी, सातारा

उत्तर : आपली तक्रार खरी आहे. मीटरमधील चक्र पाण्याने फिरते तसे वेगाने येणाऱ्या हवेनेही फिरते. यावर उपाय पाणी सोडणाऱ्याच्या हातात आहे : वाहिनीच्या उंच ठिकाणी हवेचे व्हॉल्व्ह चालू स्थितीत असावेत आणि मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. साताऱ्यासारख्या चढउताराच्या शहरात याला विशेष महत्त्व आहे. घरी मात्र पाणी आल्याचे कळावे म्हणून तोटी उघडी ठेवण्याची सवय सोडावी, कारण बाहेर पडणारी हवा उघडी तोटी असलेल्या घराचाच रस्ता धरते. मीटरनंतर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे पाणी बंद झाल्यावर घरातले पाणी उलटे ओढले जाणार नाही.

प्रश्न : आमचा वापर वाढलेला नसताना मीटरचा आकडा दुप्पट झाला. मीटर सदोष आहे की घरात गळती आहे, हे कसे ओळखावे?
— एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नळाला पाणी सुरू असताना घरातील सर्व तोट्या आणि टाकीकडे जाणारा कॉक बंद करावा. तबकडीवरील लहान तारा (चांदणीच्या आकाराचे चक्र) तरीही फिरत असेल, तर मीटर आणि कॉक यांच्यामध्ये गळती आहे. तारा स्थिर असेल, तर पुढचे तपासावे : जमिनीखालच्या टाकीत रात्री खडूने पातळीची खूण करून सकाळी पाहावी, आणि फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरतो का ते पाहावे. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप ओला आहे का, हेही पाहावे.

मीटरची परीक्षा वीस लिटरच्या मोजलेल्या डब्याने होते. तोटी पूर्ण उघडून पाच डबे भरावेत. मीटरवर ९८ ते १०२ लिटर दिसले, तर तो ठीक आहे. घरगुती १५ मिलिमीटरच्या ‘ब’ वर्गाच्या (अचूकतेच्या प्रतवारीतील) मीटरला ताशी १२० लिटरांवरच्या प्रवाहात दोन टक्के चूक चालते. ताशी ३० लिटरांहून कमी प्रवाहात मात्र त्याच्या नोंदीची खात्री देता येत नाही, त्यामुळे थेंबथेंब गळती कदाचित आकड्यात दिसणारही नाही. आपल्याकडे आकडा दुप्पट झाला आहे, म्हणून गळती त्याहून मोठी असावी. सर्वप्रथम फ्लशचा वॉशर आणि टाकीचा फ्लोट पाहून घ्यावा.