कायदा आणि आपण : धरलेले सुटतात कसे?

प्रश्न : वकीलकाका, माझा मुलगा जहाजावर आहे. पुढच्या महिन्यात त्यांचं जहाज अँटवर्पला लागेल. बेल्जियममध्ये अतिरेकी म्हणून धरलेले काही जण चार-दोन दिवसांत सुटल्याचं वाचलं आणि झोप उडाली. तिथला कायदा इतका ढिला आहे का? आणि उद्या माझ्याच मुलाला संशयावरून धरलं तर?
– एक आई, श्रीवर्धन

उत्तर : ताई, एकदा तुम्हाला गुन्हेगार सुटण्याची भीती वाटते, लगेच निरपराध अडकण्याची. दोन्हींचं उत्तर एकाच घटनेत आहे.

२२ मार्च २०१६ ला ब्रुसेल्सचा विमानतळ आणि मेट्रोत स्फोट होऊन ३२ माणसं गेली. विमानतळाच्या कॅमेऱ्यात दोन हल्लेखोरांबरोबर टोपी घातलेला तिसरा दिसला. दोन दिवसांनी पोलिसांनी एकाला उचललं, आरोपही ठेवले. जगभर तोच टोपीवाला ठरला. पण पुरावा टिकेना, म्हणून २८ तारखेला त्याला सोडलं. खरा टोपीवाला मोहम्मद अब्रिनी ८ एप्रिलला सापडला. पहिल्यावरच फाईल मिटली असती तर अब्रिनीला कोणी शोधलं असतं का? २०२३ मध्ये निकाल लागला, तेव्हा दहा आरोपींपैकी सहा जण खुनाबद्दल आणि दोघे दहशतवादी संघटनेत सामील असल्याबद्दल दोषी ठरले. उरलेले दोघे निर्दोष सुटले.

मला हे जिव्हारी लागतं. १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स आपल्या श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला उतरलं, तेव्हा मी अलिबागला नुकती वकिली सुरू केली होती. आपल्या पट्ट्यातली कितीतरी माणसं चौकशीला नेली. एका खलाशाची बायको दर आठवड्याला कोर्टाच्या पायरीवर विचारायची, ‘आज यांना आणतील का?’ तिला दाखवायला माझ्याकडे एक कागद नसायचा. त्या बॉम्बस्फोट खटल्यात १२३ पैकी १०० दोषी ठरले, २३ निर्दोष. पण हे कळायला २००६-०७ उजाडलं. बेल्जियममध्ये पोलिसांना ४८ तास मिळतात, २०१७ पर्यंत तर २४ च होते. त्यापुढे डांबायचं तर न्यायाधीशाचा हुकूम लागतो. याला मी ढिलेपणा म्हणणार नाही.

मुलाला सांगा, बंदरावर उतरताना सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि शोअर पास (किनाऱ्यावर उतरायचा परवाना) खिशात हवा. धरलंच तर वकील आणि दुभाषा मागायचा. युरोपीय संघात तो त्याचा हक्क आहे. भारतीय दूतावासाला कळवा, असंही सांगायचं. आणि न समजलेल्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही.