लिहायचं थोडं, पाठ मात्र पक्कं

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाठवलेलं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. तुझा आल्टो सॅक्सोफोन, बास गिटार, ड्रम्स, तिघांचेही हात तयार आहेत. तरी चौथ्या मिनिटाला तिघं तीन वाटांना लागलात आणि चौदाव्या मिनिटाला एकेक करून दमून थांबलात. फ्री जॅझमध्ये, म्हणजे ठरलेला ठेका-चौकट सोडून वाजवण्याच्या जॅझमध्ये, लिहिलेलं कशाला हवं, असं तू विचारतोस. मला वाटतं, तिथेच त्याची गरज जास्त असते.

ख्यालाशी ताडून बघ. कुमार गंधर्व तुमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. त्यांच्या एखाद्या बंदिशीत मुखडा सुटून आलाप कुठल्या कुठे गेला तरी खाली ठेका चालू असतो, म्हणून समेचा पत्ता हरवत नाही. फ्री ट्रिओत, म्हणजे तुमच्यासारख्या तिघांच्या संचात, ठेका धरणाराही फिरायला निघतो. मग पत्ता राखायचा कोणी? थीमने, म्हणजे सुरुवातीला वाजणाऱ्या लिहिलेल्या ओळीने. म्हणून ती लहान हवी आणि झोपेतून उठवलं तरी तिघांना वाजवता आली पाहिजे.

सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरचा 10 जुलै 1964 चा ट्रिओ ऐक, बासवर गॅरी पीकॉक, ड्रम्सवर सनी मरे. ‘स्पिरिच्युअल युनिटी’ या तबकडीवर ‘घोस्ट्स’ ही चाल दोनदा आहे. एक वादन पाच मिनिटांचं, दुसरं जवळपास दुप्पट. चाल एखाद्या भजनासारखी गुणगुणता येते. मरे ठेका देत नाही, झांजेवर सळसळ चालू ठेवतो. तरी ऐकणारा हरवत नाही, कारण चाल कानात बसलेली असते. मग आल्टोवाल्या ऑर्नेट कोलमनचं डिसेंबर 1965 चं स्टॉकहोममधलं वादन लाव. तिथे ड्रम्सवर चार्ल्स मॉफेट बराच वेळ लय धरून ठेवतो आणि डेव्हिड आयझेन्झन बासवर गज फिरवतो. मोकळीक दोन्हीकडे आहे, पण वेगवेगळ्या जागी. तुमच्यात ती कुठे असणार, हे तिघांनी आधी ठरवा.

आता काम. सहा सुरांची एक ओळ घे: सा, प, कोमल ध, प, मग एका श्वासाची जागा, मग कोमल रे, सा. आधी ती तिघांनी तोंडाने म्हणा, ड्रमरनेसुद्धा. नंतर पाच-पाच मिनिटं तिचा एकेकच अवयव घेऊन वाजवा. एकदा फक्त सा-प ही उडी, कुठल्याही सुरावरून. एकदा फक्त अर्ध्या सुराची ती घसरण. एकदा सूर सोडून नुसती लय, म्हणजे चार ठोके, खंड, दोन ठोके. ही ड्रमरची खास जागा. ओळ अशी सुटी करता आली की सुचेल ते वाजवलं तरी त्याला तिचा वास राहतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये थीम झाली आणि विसरली गेली. पुढचं सगळं कुठल्याही थीमनंतर चाललं असतं.

कागद तयार करताना एक सांभाळ. पांढरी एकचा सा हवा असेल तर आल्टोच्या कागदावर ए लिहायचा आणि बासच्या कागदावर सी, कारण आल्टोवर लिहिलेला ए ऐकू येतो सी. दोघांनी एकच कागद वाचला तर चाल दोन पट्ट्यांत वाजते आणि तेच फ्री वाटायला लागतं.

परतीचा इशारा वाद्यातूनच द्या. वाजवताना डोळे मिटतात, हात गुंतलेले असतात, आणि एक घरी कन्नड बोलणारा, दुसरा कोकणी, त्यामुळे ओरडून सांगण्यात अर्थ नाही. सा-प ही उडी मात्र इशारा म्हणून घेऊ नका. बास गिटारवर हात सवयीनेच तिथे पडतो आणि दर मिनिटाला खोटी हाक जाते. कोमल रे-सा, खंड, पुन्हा कोमल रे-सा, हे चुकून कोणाकडून होत नाही. ते ऐकलं की बाकी दोघांनी एका श्वासात हातातलं सोडायचं आणि पूर्ण ओळ एकत्र घ्यायची. इशारा देण्याचा हक्क तिघांचाही. तो नेहमी आल्टोच देणार असेल तर बाकीचे दोघे साथीदार होतात, आणि मग हा ट्रिओ राहत नाही.

सगळ्यात मोठा दोष नक्कलेचा. तू एक तान घेतलीस की बासवाला तीच परत देतो, ड्रमर तिसऱ्यांदा. ऐकणं म्हणजे उत्तर देणं, आणि न वाजवणं हेही उत्तरच. सरावात नियम करा: दहा मिनिटांत प्रत्येकाने दोन पूर्ण मिनिटं गप्प राहायचं, कधी ते ज्याचं त्याने ठरवायचं. पहिल्या दिवशी कोणीच थांबणार नाही. चौथ्या दिवसापासून दोघा-दोघांच्या जोड्या ऐकू येतील, आणि तुमच्या संगीतातला सगळ्यात सुंदर भाग बहुधा तोच असेल.

आवाजाचं थोडक्यात. लग्नाच्या बँडमध्ये रस्त्यावर वाजवून तुझा दम मोठा झालाय. खोलीत तो बास गिळून टाकतो. बासचा अँप्लिफायर तुझ्या कानाच्या उंचीवर ठेव, म्हणजे तूच आपणहून हळू वाजवशील. ड्रमरने पहिला महिना काठ्यांऐवजी ब्रशच वापरावेत. पावसाळ्यात पत्र्याखाली सराव करू नका, तिथे हळू वाजवणं शिकताच येत नाही. सॅक्सोफोनची रीड, म्हणजे फुंकायची पातळ पट्टी, वाजवून झाल्यावर माउथपीसला तशीच ठेवू नकोस, पुसून सपाट काचेवर ठेव, नाहीतर ती वाकते आणि हळू फुंकरीला बोलत नाही.

शेवट वेगळा बसवा. परतीचा इशारा, ओळ एकदाच, आणि शेवटचा सा बासने एकट्याने धरायचा, तार आपणहून विझेपर्यंत. ड्रमरचा हात तेव्हा झांजेकडे जाणारच, त्याला सांगून ठेव. एवढा शेवटचा एक मिनिट रोज दहा वेळा घ्या. महिन्याने बारा मिनिटांचं एक वादन न कापता पाठव, आणि इशारा कोणी कितव्या मिनिटाला दिला ते सोबत लिहून पाठव.

आशीर्वाद.