सात जागांची यादी आणि एक सॅक

प्रश्न : ताई, शिक्षणासाठी सहा महिने परगावी निघाले आहे. अभयारण्यं बघायची आणि पक्षी ओळखायला शिकायचं ठरवलंय. सुट्ट्या मोजक्या, पैसे बेताचे, पाठीवर एकच सॅक. सात जागांची यादी केली आहे. त्या कशा बसवू? आणि दुर्बीण कोणती घेऊ?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : सातांतल्या पाच जागा आजच खोडून टाक. उरलेल्या दोन ठिकाणी पुन्हा पुन्हा जा.

कॉलेजात असताना मीही अशीच यादी घेऊन फिरायचे. एकदा एका अभयारण्यातल्या सगळ्या पायवाटा पालथ्या घातल्या, तरी दुपारपर्यंत वहीत जेमतेम नऊ नावं. पाय दुखायला लागले म्हणून तळ्याकाठच्या लपणात, म्हणजे पक्ष्यांना न दिसता बघायच्या आडोशात, जाऊन बसले. वीसेक मिनिटांनी लव्हाळी हलू लागली आणि पाणकोंबडी पिल्लांना घेऊन बाहेर आली. मग खंड्या आला. मासा फांदीवर आपटून आपटून त्यानं डोक्याकडून गिळला, तोही माझ्यापासून दहा पावलांवर. हे सगळे सकाळपासून तिथेच होते गं, माझ्या चालण्यानं दबून बसले होते.

दोन जागा निवडताना आधी गाडीची वेळ बघ. रानातल्या पक्ष्यांची खरी लगबग सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास असते. पहिली गाडी नऊला पोचवत असेल, तर जंगलाऐवजी पाणथळ जागा निवड. बदकं, बगळे, तुतार्‍या दिवसभर उघड्यावर दिसतात. खाडी किंवा समुद्रकिनारा असेल, तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक हवंच. ओहोटीला पक्षी दूरवरच्या चिखलात पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की तेच त्यांना काठाकडे आणतं. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जाऊन बस.

कुठे, कोणत्या महिन्यात काय दिसतं ते ई-बर्ड या संकेतस्थळावर बघ. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं ऑड्युबॉन सोसायटी या पक्षी संरक्षण संस्थेच्या साथीनं ते २००२मध्ये सुरू केलं. जगभरच्या सामान्य निरीक्षकांच्या नोंदींवर ते चालतं आणि तुझीही नोंद त्यात जाऊ शकते. मर्लिन हे त्यांचंच अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं. त्या भागातल्या पक्ष्यांच्या माहितीचा पॅक खोलीवरच उतरवून घे, कारण रानात रेंज मिळेलच असं नाही. पण अ‍ॅपनं नाव सुचवलं म्हणून लगेच वहीत लिहू नकोस, आधी पक्षी डोळ्यांनी शोध.

दुर्बीण ८×३२ची घे. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि बत्तीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ८×४२ला पहाटेच्या अंधुक उजेडात जास्त उजळ दिसतं, पण दिवसभर गळ्यात वागवायला ती जड. बारापटीच्या मोहात पडू नकोस. जितकी पट जास्त, तितका हाताचा कंप जास्त जाणवतो. चष्मा असेल, तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली करून बघायचं. आणि विकत घेण्याआधी कुणाकडे तरी मागून बघ! कॉलेजचा निसर्ग मंडळ गट असेल किंवा अभयारण्याचं माहिती केंद्र असेल, तिथे दुर्बीण वापरायला मिळू शकते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. एकदा माळावर एक टिटवी माझ्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. इतक्या जवळून दिसतेय म्हणून मी हरखून तिथेच थांबले, फोटो काढत राहिले. नंतर पायाजवळ खड्यांमध्ये खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी दिसली. तेवढा वेळ ती उन्हात उघडी पडली होती, माझ्यामुळे. आजही ते आठवलं की जीव चुटपुटतो. पक्षी तुझ्याकडे बघून ओरडतोय, तोंडात चारा धरून घुटमळतोय, लंगडत पुढे पळतोय असं दिसलं, तर घरटं जवळच आहे असं समजून आल्या पावली मागे फिर. फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं तर नकोच. स्वतःचा प्रदेश राखायला तो चरणं सोडून, पिल्लं सोडून येतो.

एकटी जाशील तेव्हा कुठे चाललीस ते कुणाला तरी सांगून ठेव, आणि फाटक बंद व्हायची वेळ विचारून घे.

पहिल्या खेपेला जिथे बसलीस, तिथेच दुसऱ्या खेपेला, त्याच वेळी बस. वहीत नुसती नावं नकोत. किती होते, काय करत होते तेही लिही. कोणत्या दोन जागा ठेवल्यास, ते मला नक्की कळव.